दुसऱ्यांच्या लग्नाला जाताय? आधी पाहुण्याचं काम काय ते विचारून घ्या

वेगळ्या धर्माच्या नाहीतर वेगळ्या देशाच्या माणसाने लग्नाला बोलावलं की सगळ्यांना पहिला प्रश्न पडतो, घालायचं काय. माझ्या मते हा दुसऱ्या नंबरचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न हा की तिथे पाहुण्याने करायचं काय असतं. कारण काहीतरी असतंच. क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) लोकांच्या लग्नात जमलेले सगळे जण, अगदी पोरंटोरंसुद्धा, लग्नाच्या सर्टिफिकेटवर साक्षीदार म्हणून सही करतात. थायलंडमध्ये रांगेत उभं राहून शंखातून नवरा-नवरीच्या हातावर पाणी सोडायचं असतं. जर्मनीत लग्नाच्या आधी पोल्टरआबेंड नावाचा कार्यक्रम असतो त्याला लोक घरातली जुनी चिनी मातीची भांडी घेऊन जातात आणि दारात आपटून फोडतात, मग नवरा-नवरी मिळून तो ढीग झाडून काढतात (काच नेऊ नका हां, भांडी फोडणं शुभ पण काच आणि आरसा फोडणं अपशकुन). नुसतं खुर्चीवर बसून बघायचं आणि मोबाईलवर शूट करायचं एवढंच पाहुण्याचं काम असलेलं लग्न शोधूनही सापडायचं नाही.

म्हणून तयारी करताना हा एक प्रश्न डोक्यात ठेवा, मला तिथे कशासाठी बोलावलंय, साक्षीला, गर्दीला, नाचायला, पैसे द्यायला की आशीर्वाद द्यायला. ते कळलं की कपडे, पाकीट, वेळ हे बाकीचं आपोआप सुटत जातं.

विचारायचं कोणाला

नवरा-नवरीला नाही! लग्नाच्या आधी दोन आठवडे त्या दोघांना हॉलवाला, केटरर, शिंपी, नातेवाईक सगळे पिडत असतात, त्यात तुमचा "मी डोक्यावर काही घेऊ का" हा मेसेज नको. त्यांची बहीण, चुलतभाऊ, नाहीतर त्याच समाजातला एखादा कॉमन मित्र गाठा. आणि गोलगोल विचारू नका. "काही नियम आहेत का" असं विचारलं तर शंभरातले नव्वद लोक म्हणणार "छे छे, काही नाही, तू ये फक्त", कारण त्यांना ते नियम वाटतच नाहीत, लहानपणापासून अंगवळणी पडलेलं असतं. त्यापेक्षा असं विचारा की तू स्वतः काय घालणार आहेस, तू पाकिटात किती घालणार आहेस, कार्डावर पाच लिहिलंय तर तू घरातून कितीला निघणार, बायका-पुरुष एकत्र बसतात का वेगळे. म्हणजे उत्तरं पण तशीच नेमकी मिळतात.

नेटवर वाचून जा, जरूर जा, पण नेटवर "ज्यू लग्न" किंवा "मुस्लिम लग्न" असं एकच लग्न असतं आणि प्रत्यक्षात तसं नसतं. एका ज्यू घरात बायका-पुरुषांचा नाच वेगळा, मध्ये पडदा, आणि दुसऱ्या ज्यू घरात सगळे एकाच फ्लोअरवर. एका निकाहला नवरी वेगळ्या खोलीत आणि दुसऱ्या निकाहला शेजारीशेजारी सोफ्यावर. त्यामुळे समाजाबद्दल वाचा आणि घराबद्दल विचारा.

कार्ड नीट वाचणं हाही तयारीचाच भाग आहे. कार्डावर ज्यांची नावं आहेत तेवढ्यांनाच बोलावलंय असं धरा. जपानमध्ये तर उत्तराचं पोस्टकार्ड परत पाठवायचं असतं आणि त्यावर तुमच्यासाठी छापलेले आदरार्थी शब्द तुम्हीच रेघ मारून खोडायचे असतात, कारण स्वतःला मान देत नाहीत. तिथे एकेक खुर्ची नाव घालून ठरलेली असते, ऐनवेळी "मी नाही येऊ शकत" म्हणणं किंवा सोबत एक मित्र घेऊन जाणं हे दोन्ही जवळपास सारखंच वाईट.

पाकिटाचं गणित

ह्या विषयावर जरा जास्त लिहितो कारण लोक इथेच सगळ्यात जास्त अडतात आणि विचारायला पण लाजतात.

जपानमध्ये मित्राच्या लग्नाला साधारण ३०,००० येन देतात. नोटांचा आकडा विषम हवा (३०,००० म्हणजे दहा हजारांच्या तीन नोटा), म्हणजे दोघांत सारखा वाटता येणार नाही असा, ४ आणि ९ टाळतात कारण त्यांचे उच्चार मरण आणि यातना यांच्याशी जुळतात. नोटा कोऱ्या हव्यात, त्यासाठी लोक मुद्दाम बँकेतून नव्या नोटा आणतात. आणि पाकीट! पाकिटावर दोरा बांधलेला असतो आणि लग्नाच्या पाकिटावरची गाठ सहज न सुटणारी असते, कारण लग्न एकदाच व्हावं. दुकानात शेजारीच तसंच सुंदर दिसणारं फुलासारख्या गाठीचं पाकीट पण मिळतं, ते बाळ झालं वगैरे, म्हणजे पुन्हा पुन्हा झालेलं चालेल अशा आनंदासाठी असतं. ते लग्नाला नेलं तर अर्थ काय निघतो ते तुम्हीच बघा. त्यामुळे दुकानदाराला सरळ "लग्नासाठी" म्हणून सांगायचं. पाकीट फुकुसा नावाच्या छोट्या रुमालात गुंडाळून न्यायचं, रिसेप्शनच्या टेबलापाशी उलगडायचं, आणि दोन्ही हातांनी, नाव समोरच्याला सरळ वाचता येईल असं धरून द्यायचं.

आता चीनमध्ये नेमकं उलटं. तिथे सम आकडा शुभ, जोडी म्हणून, ८ असेल तर फारच छान, ४ मात्र इथेही नको. पाकीट लाल. पांढऱ्या पाकिटात पैसे घालून देणं हा तिथे मयताचा प्रकार आहे. आणि कोरियात गेलात तर लग्नाचं पाकीट पांढरंच असतं! तिथे परत विषम आकडा (दहा हजारांच्या हिशेबात, १० मात्र चालतो), ओळखीपाळखीच्या लग्नाला नुसतं पाकीट पाठवायचं तर ५०,००० वॉन, स्वतः जाऊन जेवणार असाल तर १,००,००० किंवा जास्त. ही रक्कम हॉलच्या दाराशी बसलेल्या घरच्या माणसांकडे द्यायची, नवऱ्याच्या बाजूचं टेबल वेगळं आणि नवरीच्या बाजूचं वेगळं, आपण ज्यांच्याकडून आलो त्या टेबलावर जायचं, नाव लिहायचं, आणि ते जेवणाचं कुपन देतात. हे सगळं इतकं सरळ व्यवहारासारखं चालतं की बाहेरच्या माणसाला जरा कोरडं वाटतं, पण त्यामागे हिशेब आहे, ते घर पुढे तुमच्या घरच्या कार्याला तेवढंच परत करणार असतं, वह्या जपून ठेवलेल्या असतात.

ज्यू लग्नात १८ च्या पटीत पैसे द्यायची पद्धत आहे, ३६, ५४, १८० असे, कारण हिब्रूमध्ये "जीवन" ह्या शब्दाच्या अक्षरांची बेरीज १८ येते. युरोप-अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी जोडपं आधीच वस्तूंची यादी देतं, यादी असेल तर त्यातलंच द्या, स्वतःची कल्पकता दाखवायला जाऊ नका. चिनी घरात घड्याळ देऊ नका, ते अंत्यसंस्काराची आठवण करून देतं.

नायजेरियातलं योरुबा लग्न म्हणजे पैशाचा वेगळाच थाट. नवरा-नवरी नाचत असतात आणि पाहुणे नाचत नाचत जवळ जाऊन एकेक नोट त्यांच्या कपाळावर, अंगावर लावतात किंवा उधळतात. एकदम गड्डी फेकायची नाही, एकेक नोट, ताल धरून, त्यातच मजा आहे. खाली पडलेल्या नोटा गोळा करायला घरची माणसं पिशवी घेऊन फिरत असतात, आपण वाकून उचलायला जायचं नाही. पण एक मोठी गोष्ट, नायजेरियाच्या सेंट्रल बँकेच्या २००७ च्या कायद्यातल्या कलम २१ प्रमाणे नायरा नोटा उधळणं, त्यावर नाचणं हा गुन्हा आहे, कमीत कमी ६ महिने कैद किंवा ५०,००० नायरा दंड किंवा दोन्ही, आणि २०२४ मध्ये ह्यावरून खरोखर लोक तुरुंगात गेलेत. म्हणजे कायदा फक्त कागदावर आहे अशा भ्रमात राहू नका. नायजेरियात असाल तर यजमान काय करतायत ते बघा, पाकिटात घालून दिलं तरी चालतं.

आता कपडे

पांढरा रंग टाळा हे पाश्चात्त्य पद्धतीच्या लग्नाबद्दल सगळ्यांना माहीत असतंच. ती फॅशन तशी फार जुनी नाही, १८४० मध्ये राणी व्हिक्टोरियाने पांढरा ड्रेस घालून लग्न केलं त्यानंतर ती पसरली, पण आता नवरीचा रंग तो नवरीचा. चिनी लग्नात नवरीचा रंग लाल, म्हणून पाहुण्याने नखशिखांत लाल घालून जाऊ नये. थायलंडमध्ये काळा नको. जपानमध्ये पुरुष काळा सूट घालतात, त्यात गडबड काहीच नाही, पण टाय पांढरा किंवा फिकट हवा, काळा सूट आणि काळा टाय म्हणजे तुम्ही अंत्यविधीला निघालात. जावामध्ये पारंग नावाची बाटिकची तिरपी नक्षी लग्नात घालत नाहीत, संसारात भांडणं लागतात असं मानतात, आणि टुरिस्ट लोक नेमकं तेच डिझाईन आवडलं म्हणून घेतात.

त्यांचा पारंपरिक पोशाख आपण घालावा का? लोक ह्यावर फार वाद घालतात. माझं मत साधं आहे, त्यांनी दिला किंवा सुचवला तर बिनधास्त घाला, आणि आपल्याच मनाने ऑनलाईन मागवून घालून जाणार असाल तर आधी त्या बहिणीला फोटो पाठवून विचारा, कारण दुकानात "पारंपरिक" म्हणून जे विकतात ते पुष्कळदा नवरीसाठीच असतं. योरुबा लोकांत तर घरचे एक कापड ठरवतात, आसो-एबी म्हणतात त्याला, आणि पाहुणे ते विकत घेऊन आपापल्या मापाने शिवून आणतात. तुम्हाला ते कापड घेणार का असं विचारलं तर तो मान आहे, फुकट नसतं तरी हो म्हणा. शिवायला वेळ लागतो, म्हणून त्याच आठवड्यात शिंप्याकडे टाका. बायकांच्या डोक्याचं गेले नावाचं कडक कापड बांधणं हे स्वतः यूट्यूब बघून जमण्यातलं काम नाही, तिथे बांधून देणारी बाई असते तिच्याकडे जा.

आणि व्यवहाराच्या गोष्टी. गुरुद्वाऱ्यात, मशिदीत बूट बाहेर काढायचे असतात म्हणून मोजे फाटके नकोत (हसू नका, हे फार जणांचं होतं). गुरुद्वाऱ्यात स्त्री-पुरुष सगळ्यांनी डोकं झाकायचं, दाराशी रुमाल ठेवलेले असतात, पण स्वतःचा नेलेला बरा. खाली मांडी घालून तासभर बसता येईल असे कपडे घाला. ज्यू लग्नात पुरुषांना किप्पा, म्हणजे छोटी टोपी, तिथे दाराशी देतात.

विधी चालू असताना

नियम एकच, बाकीचे उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं, आणि शेवटच्या नाही पण पुढच्याही नाही अशा मधल्या ओळीत जागा धरायची म्हणजे पुढच्यांचं बघून करता येतं. प्रार्थना तोंडाने म्हणायची सक्ती तुम्हाला कोणी करत नाही, गप्प आणि आदराने उभं राहिलं तरी पुरतं.

जिथे खरी फसगत होते ती जागा म्हणजे विधीत काहीतरी खायला दिलं जातं ती. कॅथलिक लग्नात मास (चर्चमधली मोठी उपासना) असेल तर लोक उठून रांगेने पुढे जातात आणि पाद्री त्यांना भाकरीचा छोटा पापडासारखा तुकडा देतात, ते कम्युनियन, ते फक्त कॅथलिकांसाठी असतं. तुम्ही जागेवर बसून राहा, कोणी काही म्हणत नाही, किंवा काही चर्चमध्ये छातीवर हात दुमडून पुढे गेलं की नुसता आशीर्वाद देतात. आणि शिखांच्या आनंद कारजमध्ये, म्हणजे त्यांच्या लग्नविधीत, शेवटी कडाह प्रसाद वाटतात तो मात्र प्रत्येकासाठी, तुमचा धर्म कोणताही असो, दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यायचा, नको म्हणणं वाईट दिसतं. फार तुपकट वाटत असेल तर "थोडासा" म्हणा. म्हणजे बघा, वरून दोन्ही सारखंच दिसतं, एका ठिकाणी घेणं चूक आणि दुसऱ्या ठिकाणी नाकारणं चूक. हे अंदाजाने कळत नाही, विचारूनच कळतं.

आनंद कारजमध्ये नवरा-नवरी गुरू ग्रंथ साहिबभोवती चार फेऱ्या घेतात, प्रत्येक फेरीला गुरू रामदासांनी रचलेल्या लावां नावाच्या चार पदांमधलं एक पद आधी वाचतात आणि मग गातात. बसताना पाय लांब करून ग्रंथाकडे करू नका. सिगारेट, तंबाखू, दारू काहीही खिशात घेऊन आत जायचं नाही. नंतर लंगरमध्ये जेवायला बसा, तिथे वाढायला मदत केली तर लोक खूश होतात.

ज्यू लग्न हुप्पा नावाच्या चार खांबांच्या छताखाली लागतं, केतुबा म्हणजे कराराचा कागद वाचतात, सात आशीर्वाद म्हणतात, आणि शेवटी नवरा पायाखाली काचेचा ग्लास फोडतो. तो फुटल्या फुटल्या सगळ्यांनी जोरात "माझल तोव" ओरडायचं, हे पाहुण्याचं काम, लाजू नका. मग पारंपरिक घरात जोडपं काही वेळ एका बंद खोलीत जातं, तेवढ्यात त्यांना भेटायला, फोटोला शोधत फिरू नका. धार्मिक घरांत परक्या स्त्री-पुरुषाने शेकहँडला हात पुढे करायचा नाही, मान हलवून अभिनंदन करा. हीच गोष्ट पुष्कळ मुस्लिम घरांतही पाळा.

निकाहमध्ये मूळ करार फार लवकर होतो. मेहर (नवऱ्याने नवरीला द्यायची रक्कम) ठरलेली असते, साक्षीदारांसमोर दोघांची संमती विचारतात, सह्या, दुआ, झालं. उशिरा पोचलात तर चुकलंच समजा. वलीमा म्हणजे नंतरची मेजवानी वेगळी, बरेचदा दुसऱ्या दिवशी, आणि तुम्हाला नेमकं कशाला बोलावलंय ते कार्डावर बघा.

ग्रीक ऑर्थोडॉक्स लग्नात आपण वाट बघत बसतो की आता "आय डू" म्हणतील, पण तिथे जोडपं शपथ बोलतच नाही. रिबिनीने जोडलेले दोन मुकुट डोक्यावर ठेवतात, तीनदा अदलाबदल करतात आणि मग टेबलाभोवती तीन फेऱ्या, तोच लग्नाचा गाभा. त्या वेळी उठून बाहेर फोन घ्यायला जाऊ नका.

फोटोंचं थोडक्यात सांगतो. विधी चालू असताना फोन खिशात, तिथे पैसे घेऊन आलेला फोटोग्राफर आहे. फक्त बायकांच्या हॉलमध्ये तर फोन बाहेरच काढू नका, तिथे बायका हिजाब काढून मोकळेपणाने सजून नाचत असतात आणि तुमच्या स्टोरीमुळे त्यांची मोठी पंचाईत होऊ शकते. नवरा-नवरीने स्वतः पोस्ट केल्याशिवाय आपण काही पोस्ट करायचं नाही.

जेवण, दारू, नाच

खाण्याचं पथ्य असेल तर उत्तर देतानाच कळवा, ताटावर बसून नाही. कोशर (ज्यू धर्माचे खाण्याचे नियम पाळणाऱ्या) हॉलमध्ये बाहेरचा खाऊ घेऊन जाऊ नका, अगदी बाळासाठी असला तरी आधी विचारा. चिनी लग्नात नवरा-नवरी प्रत्येक टेबलापाशी येतात तेव्हा सगळ्यांनी उठून ग्लास वर करायचा, आणि वडीलधाऱ्याच्या ग्लासाला आपला ग्लास टेकवताना आपला जरा खाली धरायचा. दारू पीत नसाल तर ग्लासात चहा किंवा ज्यूस चालतो, ग्लास हातात असणं महत्त्वाचं. रशियन लग्नात लोक मध्येच "गोर्को, गोर्को" ओरडायला लागतात, म्हणजे "कडू आहे", आणि जोडप्याने चुंबन घेऊन ते गोड करायचं, तुम्ही पण ओरडा.

नाचाला हाताला धरून ओढलं तर एक फेरी तरी जाच. ज्यू लोकांच्या होरा नावाच्या नाचात गोलाच्या बाहेरच्या रिंगणात शिरा, पावलं दोन मिनिटांत जमतात, नवरा-नवरीला खुर्चीसकट वर उचलायचं काम मात्र त्यांच्या दोस्तांवर सोडा.

कोरियन लग्न ह्या सगळ्याच्या दुसऱ्या टोकाला, विधी अर्धा तास, मग बुफे, आणि जेवून लोक निघतात, त्याचं कोणाला वाईट वाटत नाही. पण मित्रमंडळींचा ग्रुप फोटो होईपर्यंत थांबा. आपल्या बाजूने किती माणसं उभी राहिली ह्याला तिथे इतकी किंमत आहे की कमी पडली तर भाड्याने पाहुणे आणतात, खरंच आणतात. तुम्ही त्या फोटोत उभं राहणं हाच अर्धा आहेर.

बोलावणं नसेल आणि बघायचंच असेल तर

टोकियोच्या मेइजी जिंगू देवस्थानात शनिवार-रविवारी गेलात तर शिंतो (जपानचा पारंपरिक धर्म) लग्नाची मिरवणूक अंगणातून जाताना दिसायची बरीच शक्यता असते, बाजूला उभं राहून बघा, वाट अडवू नका, नवरीच्या तोंडासमोर कॅमेरा नेऊ नका. मोरोक्कोत हाय अ‍ॅटलास डोंगरात इमिलशिलला सप्टेंबरच्या सुमारास लग्नांची जत्रा भरते, तिथे बाहेरचे लोक येतात हे त्या लोकांना सवयीचं आहे. हल्ली तिकीट काढून परक्या लग्नाला जायची सोय करणाऱ्या वेबसाइटही आहेत. मला त्यात गैर वाटत नाही, पण दोन गोष्टी बघा, पैसे त्या घराला पोचतात का, आणि घरातल्या मोठ्या माणसांना माहीत आहे का की अनोळखी पाहुणे तिकीट काढून येतायत.

रस्त्याने जाताना कोणी आत या म्हणून ओढलं, तसं बऱ्याच देशांत होतं, तर जा. थोडं खा, थोडं नाचा, घरातल्या मोठ्यांना भेटून पाकिटात काहीतरी द्या आणि तासाभरात निघा.

लग्न झाल्यावर दोन-तीन दिवसांत एक मेसेज टाका, त्यात "खूप छान झालं" एवढंच नको, एखादी विशिष्ट गोष्ट लिहा, आजीचा नाच, भावाचं भाषण, काहीही. तुम्ही काढलेले बरे फोटो घरच्यांना पाठवा. आणि जपानी लग्न असेल तर खुर्चीपाशी ठेवलेली जड पिशवी तिथेच सोडून येऊ नका, ती हिकिदेमोनो, यजमानांनी तुमच्यासाठी ठेवलेली भेट असते, घरी नेऊनच उघडा.